हृद्‌रोहिणींच्या जन्मजात विसंगती : प्रस्तावना

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात आणि त्यांची मांडणी बहुसंख्य माणसांत एका ठरावीक पद्धतीची असते. डाव्या निलयातून, म्हणजे सर्व शरीराला रक्त पाठवणाऱ्या जाड भिंतीच्या कप्प्यातून, महारोहिणी जिथे बाहेर पडते तिथे तिच्या झडपेच्या तीन पाकळ्यांलगत भिंतीला तीन फुगीर खळगे असतात. बोलोन्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ आंतोनिओ मारिया वाल्साल्वा (१६६६–१७२३) यांच्या नावाने ते ओळखले जातात. उजव्या खळग्यातून उजवी हृद्‌रोहिणी निघते, डाव्यातून डावी निघते आणि तिसऱ्या, पाठीमागच्या खळग्यातून काहीच निघत नाही. डाव्या हृद्‌रोहिणीचे आखूड मुख्य खोड लगेच दोन शाखांत विभागते. त्यांपैकी एक दोन्ही निलयांच्या मधल्या खाचेतून हृदयाच्या टोकाकडे उतरते, तर दुसरी डाव्या बाजूने वळसा घेऊन मागे जाते. पहिलीला पुढची उतरती शाखा आणि दुसरीला वळसा शाखा असे येथे म्हटले आहे. या मांडणीत जन्मतःच फरक असेल, म्हणजे रोहिणीचा उगम भलत्या ठिकाणी असेल, तिचा मार्ग निराळा असेल किंवा तिचा शेवट जिथे व्हायचा तिथे न होता दुसरीकडेच होत असेल, तर त्याला हृद्‌रोहिणीची जन्मजात विसंगती म्हणतात.

हा विषय फार काळ शवविच्छेदनाच्या टेबलापुरता मर्यादित होता. आता तो छातीत दुखते म्हणून सीटी अँजिओग्राफी करून घेतलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या अहवालात, शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांत आणि खेळाडूंच्या चाचण्यांत भेटतो, आणि बहुतेक वेळा तो शोधण्यासाठी ती तपासणी केलेलीच नसते. तपासणी असते ब्लॉकेज आहे का हे पाहण्यासाठी. ब्लॉकेज नसते, पण उजवी हृद्‌रोहिणी डाव्या खळग्यातून निघाल्याची एक ओळ मात्र अहवालात उमटते, आणि त्या ओळीचे काय करायचे हा प्रश्न रुग्णापुढे आणि त्याच्या डॉक्टरांपुढे एकदमच उभा राहतो. या प्रश्नाची अडचण दुहेरी आहे. तपासणीत ज्या विसंगती सर्वाधिक सापडतात त्या बहुतांशी निरुपद्रवी असतात, आणि ज्या थोड्या जिवावर उठतात त्या ईसीजी आणि ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट यांसारख्या नेहमीच्या चाचण्यांना अनेकदा चकवून जातात. त्यामुळे नुसते 'विसंगती आढळली' एवढे म्हणणे पुरत नाही. कोणती रोहिणी, तिचे तोंड कसे, तिची वाट कोणत्या दोन रचनांमधून जाते आणि ती कोणत्या वयाच्या, काय काम करणाऱ्या माणसात आहे, हे सांगितल्याशिवाय त्या शब्दांना वैद्यकीय अर्थ येत नाही. पुढील प्रकरणांचा सारा भर याच भेदावर आहे.

गर्भात या रोहिण्या कशा तयार होतात हे समजले म्हणजे अशा विसंगती मुळात का घडतात याचा उलगडा होऊ लागतो. महारोहिणीच्या भिंतीतून अंकुर फुटावेत तशा हृद्‌रोहिण्या बाहेर वाढत जातात, अशी समजूत पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ होती. नेदरलंड्समधील लायडन येथील संशोधकांनी १९८९ च्या सुमारास आणि त्यानंतर गर्भाच्या सूक्ष्म छेदांचा, तसेच कोंबडी व लाव्हा पक्ष्यांच्या गर्भांवरील प्रयोगांचा आधार घेऊन दाखवले, की घडते ते याच्या उलट : हृदयाच्या पृष्ठभागावर आधी बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते, ते मोठ्या रोहिण्यांच्या बुंध्याभोवती कड्यासारखे जमते आणि तेथून काही वाहिन्या महारोहिणीच्या भिंतीत आत शिरतात. त्यांतल्या योग्य खळग्यात पोचलेल्या दोन टिकतात, बाकीच्या विरून जातात. आत शिरण्याची जागा थोडी चुकली, दोनऐवजी एकच वाहिनी टिकली किंवा जी विरायला हवी होती ती राहून गेली, की त्या अर्भकाचे हृदय आयुष्यभरासाठी निराळ्या मांडणीचे होते. आईने गरोदरपणात काही खाल्ले किंवा काही टाळले म्हणून हे घडले, असे मानण्यास आधार नाही. हे स्पष्ट लिहिण्याचे कारण असे, की मुलाचा अहवाल हातात आल्यावर पुष्कळ माता पहिला दोष स्वतःला देतात.

जिवंत माणसाच्या हृद्‌रोहिण्या नेमक्या दिसू लागल्या त्या १९५८ मध्ये, आणि त्याही योगायोगाने. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स हे डॉक्टर ३० ऑक्टोबर रोजी एका तरुणाच्या महारोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य सोडत असताना नळीचे टोक सरकून उजव्या हृद्‌रोहिणीत गेले आणि द्रव्याचा सारा लोट तिच्यातच उतरला. तोपर्यंत असे घडल्यास मृत्यू अटळ मानला जाई. त्या तरुणाचे हृदय क्षणभर थांबले, त्याला खोकायला सांगताच ते पुन्हा चालू झाले, आणि अँजिओग्राफीची वाट मोकळी झाली. त्याच संस्थेत १९६० ते १९८८ या काळात झालेल्या १,२६,५९५ रुग्णांच्या अँजिओग्राफींचा आढावा १९९० मध्ये यामानाका आणि हॉब्स यांनी प्रसिद्ध केला. १,६८६ जणांत, म्हणजे शेकडा १.३ जणांत, विसंगती आढळल्या होत्या आणि त्यांपैकी सुमारे चार-पंचमांश निरुपद्रवी वर्गात मोडत होत्या. हा आकडा तपासणीची गरज पडलेल्या रुग्णांचा आहे, सर्वसाधारण लोकसंख्येचा नव्हे, हे तो उद्धृत करणारे वारंवार विसरतात.

नळी घालून केलेल्या अँजिओग्राफीला एक मूलभूत मर्यादा होती. तिच्यात दिसते ती रक्तवाहिनीच्या पोकळीची सपाट सावली. ती वाहिनी महारोहिणीच्या पुढून गेली की मागून, हे त्या सावलीवरून थेट कळत नाही. अनुभवी हृदयरोगतज्ज्ञ विशिष्ट कोनातून घेतलेल्या चित्रात महारोहिणीच्या पुढे किंवा मागे दिसणारा ठिपका आणि दोन शाखांनी मिळून तयार होणारा डोळ्यासारखा आकार यांवरून तर्क बांधत, आणि तो बऱ्याचदा बरोबरही येई. तरीही तो तर्कच असे. २००४ च्या सुमारास चौसष्ट स्लाइसची सीटी यंत्रे आली आणि अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचे छेद काही सेकंदांत मिळू लागले, तेव्हा हा तर्काचा भाग संपला. तपासणीला आलेल्या माणसाची नाडी मिनिटाला साठ-पासष्टच्या आत यावी म्हणून त्याला आधी गोळी देतात, रोहिण्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली औषध देतात, छातीला ईसीजीच्या तारा लावतात. दंडातून आयोडीनयुक्त द्रव्य जाताच अंगभर ऊब पसरते आणि श्वास रोखण्याची सूचना ऐकू येते. हे सारे होते ते हृदयाच्या ठोक्याच्या नेमक्या टप्प्यावरची स्थिर प्रतिमा मिळावी यासाठी. मग संगणकावर ती रोहिणी कोणत्याही प्रतलात कापून पाहता येते, तिच्या तोंडाशी जाऊन आतून बघता येते, आणि शेजारच्या मोठ्या रोहिण्यांशी तिचे नाते क्षणात स्पष्ट होते. लहान मुलांत आणि वारंवार तपासणी लागणाऱ्यांत किरणोत्सर्ग टाळण्यासाठी एमआरआयला पसंती देतात. बालकांत चांगल्या हाताने केलेल्या टूडी इकोवरही दोन्ही उगम दिसू शकतात, प्रौढांच्या जाड छातीतून मात्र ते कठीण जाते.

एखादी हृद्‌रोहिणी विरुद्ध खळग्यातून निघाली, की आपल्या नेमून दिलेल्या प्रदेशात पोचण्यासाठी तिला मोठ्या रोहिण्यांना ओलांडून जावे लागते, आणि त्यासाठी तिच्यापुढे मुख्यतः चार वाटा असतात. ती महारोहिणीच्या मागून जाऊ शकते. उजवीकडून निघालेली वळसा शाखा जवळजवळ नेहमी याच वाटेने जाते आणि सापडणाऱ्या विसंगतींपैकी ही एक अत्यंत नेहमीची व सहसा निरुपद्रवी आहे. ती फुप्फुस रोहिणीच्या, म्हणजे फुप्फुसांकडे अशुद्ध रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिनीच्या, पुढून जाऊ शकते. ती फुप्फुस रोहिणीच्या झडपेखाली, दोन निलयांमधल्या पडद्याच्या स्नायूतून जाऊ शकते. आणि चौथी वाट म्हणजे महारोहिणी व फुप्फुस रोहिणी या दोघींच्या मधून जाणारी. धोका आहे तो या चौथ्या वाटेत. तिसरी आणि चौथी वाट एखाद-दुसऱ्या प्रतिमेत एकसारखी भासते आणि अहवालात त्यांची गल्लत झाली, तर निरोगी माणसाच्या वाट्याला शस्त्रक्रियेची भीती येते किंवा धोक्यातल्या माणसाला खोटा दिलासा मिळतो. म्हणून रोहिणी झडपेच्या पातळीवर आहे की तिच्या खाली, हे पाहण्यावर संबंधित प्रकरणात इतका वेळ घालवला आहे.

दोन मोठ्या वाहिन्यांमध्ये सापडलेली रोहिणी व्यायामाच्या वेळी चिमटली जाते, हे स्पष्टीकरण पुष्कळ वर्षे चालत आले. ते सोपे आहे, पण अपुरे आहे. फुप्फुस रोहिणीतला रक्तदाब महारोहिणीतल्या दाबाच्या मानाने फार कमी असतो. ती हृद्‌रोहिणीला दाबून बंद करील हे पटण्यासारखे नाही. खरा दोष बहुधा उगमाशीच असतो. अशी रोहिणी महारोहिणीतून काटकोनात बाहेर न पडता अगदी तिरपी निघते, तिचे तोंड गोल न राहता फटीसारखे अरुंद होते, आणि सुरुवातीचे काही मिलिमीटर ती महारोहिणीच्या बाहेर नसून तिच्या भिंतीच्या आतच, भिंतीच्या थरांमध्ये, धावत असते. परिश्रमात रक्तदाब वाढून महारोहिणी फुगते, तिची भिंत ताणली जाते आणि भिंतीत अडकलेला तो तुकडा दोन्ही बाजूंनी चपटा होतो. हृदयाच्या स्नायूला बहुतेक रक्त मिळते ते दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात. नाडी वाढली की नेमका तोच विसावा आखडतो, म्हणजे मागणी वाढलेली असताना पुरवठ्याचा रस्ताही अरुंद आणि वेळही अपुरा, अशी अवस्था होते. सीटीच्या आडव्या छेदात हा तुकडा डोळ्यांनी पाहता येतो : थोडे पुढे गेल्यावर जी रोहिणी वाटोळी आहे, तीच उगमाजवळ लंबगोल, उंची रुंदीच्या दुप्पट, आणि तिच्याभोवती एरवी दिसणारी चरबीची काळी कडा नाहीशी झालेली.

या वाटेचे गांभीर्य वैद्यकाच्या ध्यानात आणून दिले ते अमेरिकी सैन्यदलाच्या विकृतिशास्त्र संस्थेतील नोंदींनी. चाइटलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दाखवले, की डावी हृद्‌रोहिणी उजव्या खळग्यातून निघणे हा किरकोळ प्रकार समजता येणार नाही. पुढे २००४ मध्ये, पंचवीस वर्षांत तेथील सैन्यात भरती झालेल्या सुमारे ६३ लाख तरुणांचा आढावा प्रसिद्ध झाला. अपघाताविना अचानक मृत्यू झालेले १२६ जण होते. त्यांपैकी ६४ जणांच्या हृदयात दाखवता येण्याजोगा दोष सापडला आणि त्या ६४ पैकी २१ जणांत तो दोष हाच होता, म्हणजे डावी हृद्‌रोहिणी उजवीकडून निघून दोन मोठ्या वाहिन्यांमधून गेलेली. बास्सो आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये अमेरिका व इटली येथील अशाच २७ तरुण खेळाडूंची माहिती मांडली. २३ जणांत डावी रोहिणी उजवीकडून आणि चौघांत उजवी डावीकडून निघाली होती. जवळजवळ सर्वांना मृत्यूने गाठले ते कसून खेळताना किंवा खेळ थांबताच. ज्या नऊ जणांचा ईसीजी आधी काढलेला होता त्या सर्वांचा तो सामान्य होता, आणि ज्या सहा जणांची स्ट्रेस टेस्ट झाली होती तीही सामान्यच होती. दहा जणांना मात्र आधी भोवळ, छातीत दुखणे यांसारखी लक्षणे होऊन गेली होती. या शोधनिबंधातला सर्वांत जड भाग तो आहे, कारण त्या दहा जणांच्या बाबतीत सूचना मिळालेली होती.

याच्या उलट टोकाला पीट मॅरॅविच यांचे उदाहरण आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये दहा हंगाम गाजवलेला हा खेळाडू ५ जानेवारी १९८८ रोजी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मित्रमंडळींत खेळताना कोसळला. शवविच्छेदनात त्याला डावी हृद्‌रोहिणी मुळात नव्हतीच, असे दिसून आले. एकाच रोहिणीवर त्याच्या हृदयाने इतकी वर्षे अत्युच्च दर्जाचा खेळ पेलला होता. विसंगतीचा आकार पाहून एकट्या माणसाचे भवितव्य वर्तवणे किती अवघड आहे, हे या उदाहरणातून जेवढे कळते तेवढे कोणत्याही कोष्टकातून कळत नाही. महाराष्ट्रात गावोगावी पोलीस आणि सैन्य भरतीसाठी पहाटे धावणारी मुले-मुली आहेत. त्या सर्वांची सीटी करणे शक्य नाही आणि उचितही नाही. पण धावता धावता शुद्ध हरपली किंवा छाती भरून आली, तर उपाशीपोटी धावल्याने किंवा अशक्तपणाने असे झाले म्हणून सोडून न देता, हृद्‌रोहिण्यांचे उगम एकदा पाहून घेण्याइतके ते लक्षण महत्त्वाचे आहे, हे मैदानावरच्या प्रशिक्षकाला ठाऊक असायला हवे.

तान्ह्या बाळांत भेटणारी एक विसंगती या सर्वांहून निराळी आहे आणि तिच्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण राखले आहे. तिच्यात डावी हृद्‌रोहिणी महारोहिणीतून न निघता फुप्फुस रोहिणीतून निघते. ती सुमारे तीन लाख जन्मांत एकदा आढळते असे मानतात. १९३३ मध्ये बॉस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड यांनी तिचे जे वर्णन केले त्यावरून तिला त्यांचे नाव मिळाले. गर्भावस्थेत दोन्ही मोठ्या रोहिण्यांतला दाब सारखाच असल्याने बाळाला काही होत नाही. जन्मानंतर काही आठवड्यांत फुप्फुस रोहिणीतला दाब उतरतो आणि डाव्या हृद्‌रोहिणीत रक्त पुढे ढकलणारी शक्ती उरत नाही; इतकेच नव्हे, तर उजव्या हृद्‌रोहिणीतून जोडवाहिन्यांमार्गे डावीकडे आलेले रक्तही स्नायूला न मिळता उलट्या दिशेने फुप्फुस रोहिणीत वाहून जाते. दोन-तीन महिन्यांचे बाळ अंगावर पिता पिता थांबते, कळवळून रडते, पांढरेफटक पडते आणि त्याच्या कपाळावर घामाचे थेंब जमतात. पोटदुखी म्हणून ग्राइप वॉटर दिले जाते, किंवा हृदय फुगलेले पाहून स्नायूचाच आजार असल्याचे निदान होते. उपचार न झाल्यास यांतली बहुतेक बाळे वर्षाच्या आत दगावतात, आणि वेळीच ती रोहिणी शस्त्रक्रियेने महारोहिणीत जोडली तर तेच थकलेले हृदय काही महिन्यांत आश्चर्यकारक रीतीने सावरते. फुगलेल्या हृदयाच्या प्रत्येक अर्भकात इको करणाऱ्याने डाव्या हृद्‌रोहिणीचा उगम आणि तिच्यातल्या प्रवाहाची दिशा शोधल्याशिवाय तपासणी संपवू नये, हा आग्रह त्या प्रकरणात पुन्हा पुन्हा आला आहे आणि तो हेतुपुरस्सर आहे.

स्नायुसेतू आणि झिरपवाहिन्या यांचा विचार तुलनेने थोडक्यात केला आहे. पृष्ठभागावर धावणारी रोहिणी काही अंतर स्नायूत बुडून पुन्हा वर आली, तर तिच्यावरच्या स्नायूच्या पट्टीला स्नायुसेतू म्हणतात. सीटीत तो इतक्या जणांत दिसतो की त्याला विसंगती म्हणावे की नेहमीचा प्रकार, याबद्दलच मतभेद आहेत. फार थोड्यांना त्याचा त्रास होतो आणि त्यांना नाडी मंदावणारी औषधे बहुधा पुरतात. झिरपवाहिनी म्हणजे हृद्‌रोहिणीचा हृदयाच्या एखाद्या कप्प्यात किंवा फुप्फुस रोहिणीत थेट उघडणारा मार्ग. लहान असल्यास ती तशीच सोडतात, मोठी असल्यास नळीवाटे बंद करतात.

कोणाची शस्त्रक्रिया करावी याबाबत सर्वसंमत भाग आहे तसा वादाचाही आहे. दोन मोठ्या वाहिन्यांमधून जाणारी डावी रोहिणी तरुण माणसात सापडली, तर लक्षणे नसतानाही शस्त्रक्रियेचा विचार करावा, यावर बरेच एकमत आहे. भिंतीतल्या तुकड्याचे छत उघडून रोहिणीला महारोहिणीत रुंद तोंड करून देणे ही त्यातली नेहमीची पद्धत. उजवी रोहिणी डावीकडून निघण्याचा प्रकार याहून कितीतरी अधिक आढळतो आणि मृत्यूचा धोका मात्र पुष्कळ कमी असतो. तेथे लक्षणे, रक्तपुरवठा कमी पडल्याचा पुरावा आणि वय पाहून निर्णय घ्यावा लागतो. अचानक मृत्यूंचे प्रमाण तिशीच्या आत एकवटलेले आहे. साठीच्या गृहस्थांना ब्लॉकेजसाठी केलेल्या तपासणीत योगायोगाने अशी उजवी रोहिणी सापडली, तर तिने सहा दशके निभावून नेलेले असते आणि तिला हात न लावता मधुमेह, रक्तदाब व धूम्रपान यांकडे लक्ष देणेच अधिक हिताचे ठरते. अशा रुग्णांना घाबरवून शस्त्रक्रियेपर्यंत नेण्याची प्रवृत्ती जिथे दिसते तिथे ती निःसंदिग्धपणे चुकीची आहे.

मात्र जी विसंगती रुग्णाला कधीच त्रास देत नाही, तीही पुढे सर्जनच्या हाताखाली महत्त्वाची ठरू शकते. महारोहिणीच्या मागून जाणारी वळसा शाखा झडप बदलताना घातलेल्या टाक्यात सापडू शकते. जन्मतः निळसर पडणाऱ्या बालकांतील फॅलोच्या चौकडीत, म्हणजे चार दोष एकत्र असलेल्या हृदयविकारात, सुमारे शेकडा पाच जणांत पुढची उतरती शाखा उजवीकडून निघून नेमक्या त्या जागेवरून जाते जिथे सर्जनला उजव्या निलयाचा छेद घ्यायचा असतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाची तातडीची अँजिओप्लास्टी करताना रोहिणीचे तोंड नेहमीच्या जागी न सापडल्यास मोलाची मिनिटे ते शोधण्यात जातात. म्हणून विसंगती निरुपद्रवी असली तरी अहवालात तिचा उगम, तोंडाचा आकार, वाट आणि भिंतीतल्या तुकड्याची लांबी स्पष्ट नोंदवावी, रुग्णाला ती त्याच्या भाषेत समजावून सांगावी, आणि तपासणीची सीडी इतर कागदांबरोबर फाइलमध्ये जपून ठेवून पुढच्या प्रत्येक हृदयतपासणीच्या वेळी ती आधी दाखवण्यास सांगावे.